नव्याकोऱ्या ठासणीच्या रायफलीचा बार सारखा फुसका जातोय? आधी हे तपासा

टोपी, म्हणजे घोड्याच्या घावाने फुटून दारू पेटवणारी धातूची छोटी टोपी, फुटते, पण बार उडत नाही. दुसरी टोपी बसवली की कधी उडतो, कधी तिसरीला. मग पुढचे चार बार सुरळीत जातात आणि पाचव्याला पुन्हा तेच. रायफल नवीकोरी, दारू कोरडी, टोप्या ताज्या. नव्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या, रायफलीबद्दल मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच, आणि तिच्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: टोप्या बदलून बघा.

मीही बदलल्या. माझ्या पहिल्या .५० कॅलिबरच्या रायफलीवर तीन वेगवेगळ्या प्रकारच्या टोप्या संपवल्या. शेवटी एका संध्याकाळी निपल, म्हणजे टोपी जिच्यावर बसते ती पोकळ खुंटी, काढलं, बुडाच्या बाजूचा सफाईचा छोटा स्क्रू सोडवला आणि टोपीची ज्वाळा दारूपर्यंत नेणाऱ्या आडव्या भोकातून पाइप क्लीनर फिरवला. त्याच्या केसाळ टोकात अडकून पोलादाचा एक वळलेला कीस बाहेर आला. बॉलपेनातल्या स्प्रिंगचा तुटका वेढा असावा तसा, काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा. भोक पाडताना ड्रिलने सोललेला आणि कारखान्यात कोणीही फुंकून न टाकलेला. टोपीची ज्वाळा त्याला वळसा घालून कधी दारूपर्यंत पोचायची, कधी नाही. त्या दिवसानंतर त्या रायफलीने टोपीबाबत मला एकदाही दगा दिला नाही.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की नव्या रायफलीत तोच तो बिघाड पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी बसलेलं असतं. ते सापडेपर्यंत कानस हातात घ्यायची नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टोपी, दारू आणि निपल एकदम बदललं आणि बार उडाला, तर नेमकं काय सुधारलं ते कधीच कळत नाही. आणि कानस एकदा लागली की कारखाना वॉरंटीतून हात झटकायला मोकळा होतो.

हात लावण्याआधी

नळी रिकामी आहे याची खात्री करा. रायफल नवी आहे म्हणून ती रिकामीच असेल असं धरू नका. परत आलेली, कोणीतरी एकदा ठासून पाहिलेली रायफलही पुन्हा खोक्यात जाऊन विकली जाते. ठासायचा गज नळीत बुडापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा, मग तोच गज नळीच्या बाहेरून त्याच खुणेवर धरा. गजाचं टोक निपलच्या किंवा (गारगोटीच्या रायफलीत) कानाच्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या पेटवायच्या भोकाच्या, जवळपास पोचायला हवं. बुडाशी निमुळता कोठा असलेल्या रायफलीत ते थोडं अलीकडे थांबेल. पण दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे असंच समजून वागा. रिकाम्या नळीची ही खूण गजावर कायमची करून ठेवा. पुढे गोळी दारूवर नीट टेकली आहे की मध्येच अडकली आहे, ते हीच खूण सांगते. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळीला आतून फुगवटा येऊ शकतो.

नळीवर काय कोरलंय तेही वाचून घ्या. कॅलिबर, गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा पीळ, आणि 'फक्त काळी दारू' अशा अर्थाची सूचना. इटलीत बनलेल्या नळीवर काळ्या दारूच्या शासकीय चाचणीची 'पीएन' ही अक्षरं असतात आणि चौकटीत उत्पादनाच्या वर्षाचा सांकेतिक शिक्का असतो. अमेरिकेत अशी सरकारी चाचणी सक्तीची नाही, त्यामुळे तिथल्या नळीवर असा शिक्का दिसला नाही तर तो दोष नव्हे. बिनधुराची आधुनिक दारू साध्या ठासणीच्या नळीत कधीही घालायची नाही, चिमूटभरही नाही. कितीही चांगली घडवलेली नळी त्या दाबाला पुरी पडत नाही.

सिरीयल नंबर उत्पादकाच्या परत मागवलेल्या मालाच्या यादीशी ताडून पाहा. कनेटिकट व्हॅली आर्म्स या कंपनीने १९९७ मध्ये १९९५ आणि १९९६ साली बनलेल्या आपल्या इनलाइन (टोपी नळीच्या थेट मागे बसणाऱ्या) रायफली परत मागवल्या होत्या. सिरीयल नंबरच्या शेवटी ९५ किंवा ९६ असणं ही त्यांची ओळख. अशी एखादी रायफल माळ्यावर न वापरता पडून राहिली तर आजही 'कोरी' म्हणून कोणाच्या तरी हाती येऊ शकते.

टोपी फुटते, बार उडत नाही

पहिला संशय तेलावर घ्या. नळी गंजू नये म्हणून कारखाना आत जाड तेल किंवा ग्रीस भरतो. खोकं उभं ठेवलेलं असलं की ते सगळं हळूहळू बुडाशी उतरतं. बुडाशी नळीपेक्षा अरुंद कोठा असेल तर सफाईचा नेहमीचा जॅग, म्हणजे गजाच्या टोकाला लावायचा फडकं धरणारा तुकडा, तिथवर जातच नाही. वरवर फडकं पांढरं शुभ्र निघतं आणि खाली कोठ्यात तेलाचं डबकं तसंच असतं. त्यात पडलेली पहिली दारू चिखल होते, आणि मग माणूस दिवसभर तो चिखल पेटवायचा प्रयत्न करत बसतो.

उपाय सोपा आहे. नळी लाकडी कुंद्यातून काढता येत असेल तर काढा. निपल काढा, सफाईचा स्क्रू असेल तर तोही. नळीपेक्षा लहान ब्रश घेऊन कोठा अल्कोहोलने धुवा आणि पाइप क्लीनर आडव्या भोकातून आरपार न्या. तो सहज जायला हवा. अडखळला तर तिथे कीस, बर (भोकाच्या कडेला उरलेली धातूची धार) किंवा अर्धवट पाडलेलं भोक आहे. बर असेल तर हातात धरलेल्या, भोकाच्याच मापाच्या ड्रिलने बोटांनी हलकेच फिरवून तो निघतो. मशीन लावू नका. ड्रिल ठरावीक खोलीच्या पुढे जातच नसेल, म्हणजे भोक कोठ्याला मिळतच नसेल, तर तो कारखान्याचा दोष आहे आणि दुरुस्तीही कारखान्यानेच करायची.

मग निपल परत लावून रिकाम्या नळीवर एक टोपी फोडा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, जमिनीवरच्या वाळलेल्या गवताच्या पात्याजवळ धरा. पातं झटक्यात हललं तर वाट मोकळी आहे. दुसरी चाचणी याहून जास्त सांगते. जॅगवर कोरडं फडकं लावून बुडापर्यंत न्या, टोपी फोडा आणि फडकं बाहेर काढा. मधोमध काळा जळका ठिपका हवा. फडक्यावर तेलाचा ओला डाग आला तर सफाई पुन्हा सुरुवातीपासून.

इतकं करूनही बार मधूनमधून फसत असेल तर निपलकडे वळा. तक्रार दोन प्रकारची असते आणि दोन्हींची कारणं वेगळी. पहिल्या घावाला टोपी फुटतच नाही, दुसऱ्या घावाला फुटते, याचा अर्थ टोपी निपलवर पूर्ण खाली बसत नाहीये. पहिला घाव तिला फक्त खाली दाबतो. ११ नंबरच्या टोपीसाठी म्हणून दिलेलं निपल कधी कधी केसभर जाड असतं. टोपी बोटाने दाबून बसवा आणि बाजूने बघा. टोपीचा आतला तळ निपलच्या टोकाला टेकला नसेल तर निपल बदला. नव्या निपलचे आटे मात्र नीट विचारून घ्या. पाव इंच जाडी आणि इंचाला २८ आटे हे एक माप, ६ मिलिमीटर जाडी आणि आट्यांत ०.७५ मिलिमीटर अंतर हे दुसरं, दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात. एकाच्या जागी दुसरं जोर लावून पिळलं तर ब्रीचमधले, म्हणजे नळीच्या बुडातले, आटे कायमचे जातात.

दुसऱ्या प्रकारात टोपी प्रत्येक वेळी जोरात फुटते, पण घोडा झटक्याने मागे उडतो किंवा टोपीचे तुकडे चेहऱ्याकडे येतात. तिथे निपलचं भोक प्रमाणाबाहेर मोठं असायची शक्यता जास्त. चांगल्या निपलचं भोक साधारण ०.०२८ ते ०.०३० इंच असतं. असं निपल तसंच वापरत राहू नका. आणि डोळ्यांवर चष्मा तर प्रत्येक बाराला हवाच.

बार फसला की घाई नको. नळीचं तोंड निशाणाच्या दिशेला धरून निदान दोन मिनिटं थांबा, कारण दारू आत धुमसत असेल तर बार उशिराही उडतो. नळीच्या तोंडावरून हात किंवा मान नेऊ नका. मग नवी टोपी लावून बघा. तरी उडाला नाही तर निपल काढून त्या भोकात चिमटीभर बारीक दारू सोडा, निपल परत लावा, गजाच्या खुणेवरून गोळी दारूवर टेकली असल्याची खात्री करा आणि सुरक्षित दिशेला बार काढा.

काळ्या दारूऐवजी तिचे आधुनिक पर्याय वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं. त्यांना पेट घ्यायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. त्यामुळे अरुंद किंवा वाकडी वाट काळ्या दारूला कशीबशी चालते आणि या दारूला मुळीच चालत नाही. दोष दोन्ही वेळा तोच असतो, काळी दारू तो झाकून नेते एवढंच.

घोडा वाकडा पडतो, लॉक अडखळतं

घोड्याच्या वाटीत आतून काजळी किंवा मार्करची शाई लावा आणि घोडा अंगठ्याने धरून हळूच निपलवर टेकवा. निपलवर पूर्ण वर्तुळ उमटलं तर ठीक. अर्धचंद्र उमटला तर घोडा एका बाजूला पडतोय. अशा घोड्याखाली टोपी एका कडेने चेपते, फाटते आणि घावाचा निम्मा जोर वाया जातो. घोडा तापवून वाकवणं हे जाणत्या कारागिराचं काम आहे. पकडीत धरून थंड वाकवायला गेलात तर तो तुटेल.

घोडा सुस्त पडत असेल तर लॉक, म्हणजे घोडा चालवणारी यंत्रणा, कुंद्यातून बाहेर काढून हातात चालवून बघा. हातात खटक्यासरशी पडतो आणि कुंद्यात बसवल्यावर रेंगाळतो, असं असेल तर लॉक निर्दोष आहे, लाकूड त्याला घासतंय. स्प्रिंगवर आणि आतल्या भागांवर काजळीचा पातळ थर देऊन लॉक बसवा, दोन-तीनदा चालवा आणि काढा. लाकडावर जिथे काळा डाग उमटलाय तेवढंच, कागदाच्या जाडीएवढं खरवडा. पण त्याआधी लॉकचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा. कित्येक वेळा कारखान्यात तो नको तितका आवळलेला असतो आणि तेवढ्यानेच रायफल सुतासारखी सरळ येते.

दोन चाप असलेल्या रायफलीबद्दल एक तक्रार हमखास येते: 'घोडा पूर्ण चढवला तरी थांबतच नाही.' आधी मागचा चाप ओढून 'खट्' आवाज येऊ द्या, मग घोडा चढवा. काही रचनांत मागचा चाप लावल्याशिवाय घोडा धरलाच जात नाही. तो दोष नव्हे, ती त्या चापाची रीत आहे. मात्र हलका चाप ओढल्यावर घोडा पूर्ण पडण्याऐवजी अर्ध्यावरच्या खाचेत अडकत असेल, तर लॉकच्या टंबलरवर (घोड्यासोबत फिरणाऱ्या भागावर) एक इवलासा तुकडा असतो तो बसवायचा राहिला आहे किंवा अडकला आहे. घोडा खाली येताना सिअर (चढवलेला घोडा धरून ठेवणारा भाग) अर्ध्यावरच्या खाचेत शिरू नये, हे बघणं एवढंच त्याचं काम. नखाच्या टोकावर मावेल इतका लहान असतो तो. लॉक उघडताना खाली पांढरं कापड अंथरा, नाहीतर तो कुठे गेला हे कळायचंही नाही.

अर्ध्यावर चढवलेला घोडा चाप दाबून पडायला नको. नळी रिकामी, निपलवर चामड्याचा तुकडा, अशा अवस्थेत चाप चांगला दाबून बघा. मग घोडा पूर्ण चढवून कुंद्याचं बूड रबराच्या चटईवर दोनदा आपटा. यातल्या कुठल्याही चाचणीत घोडा एकदा जरी पडला तर ती रायफल ठासायची नाही. खाचेवर घरी कानस किंवा दगड फिरवायचा नाही. हा दोष माणसाच्या जिवावर बेतू शकतो, त्यामुळे यात मी कोणालाही घरगुती उपाय सांगत नाही.

गारगोटीची रायफल

इथे टोपीच्या जागी गारगोटी, पोलादी पट्टी आणि वाटीतलं रंजक, म्हणजे आतला बार पेटवणारी बारीक दारू. ठिणग्या मरतुकड्या, लालसर पडत असतील तर आधी गारगोटी बदला, तिची धार पट्टीला सर्व रुंदीभर लागतेय का बघा आणि ती चामड्यात घट्ट धरली आहे याची खात्री करा. तरीही ठिणगी नसेल आणि गारगोटी पट्टीवर खोल ओरखडे काढत असेल तर पट्टीला पाणीच नीट दिलेलं नाही. कानशीचा कोपरा पट्टीच्या कडेला हलकेच घासून पाहा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, चावली तर मऊ. मऊ पट्टी बदलून मागा.

ठिणग्या भरपूर, रंजक भडकतं, पण मुख्य बार उडत नाही, असं असेल तर कान बघा. त्याचं भोक साधारण १.६ मिलिमीटर हवं आणि वाटीच्या वरच्या कडेच्या रेषेत हवं. ते वाटीत फार खाली असेल तर रंजक त्या भोकात भरून बसतं आणि वातीसारखं जळत आत जातं. बार उडतो, पण 'फुस्स' आणि 'धाड' यांच्यात माणूस मोजू शकेल एवढं अंतर पडतं. जागाच चुकलेला कान घरी दुरुस्त होत नाही.

बार उडतो, पण गोळी कुठेही जाते

इथे उत्तर जमिनीवर पडलेलं असतं. गोळीभोवतीची चिंधी नळीतून सुटल्यावर दहा-पंधरा पावलांवर पडते. ती गोळा करा. मधोमध जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे, कोरडी आहे किंवा गोळी सैल बसतेय. .५० च्या नळीला साधारण ०.४९० इंचाची गोळी आणि ०.०१० ते ०.०१५ इंच जाडीची चिंधी लागते. पण चिंधीवर गोळीच्या कडेने उमटलेल्या वर्तुळावर ठरावीक अंतराने सरळ काप असतील, जणू ब्लेडने मारलेले, तर ते नळीने केलेत. नव्या नळीच्या खाचांच्या कडा किंवा नळीच्या तोंडाची कड करवतीसारखी धारदार राहिली आहे.

तोंडाची धार घरी काढता येते. ३२० किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर तोंडावर ठेवा, अंगठ्याने मधोमध दाबा आणि मनगट उलटसुलट फिरवा. मधूनमधून नळी पाव फेरा फिरवत राहा, म्हणजे कड सगळीकडून सारखी उतरेल. आतल्या खाचांसाठी जॅगवर भांडी घासायच्या हिरव्या घासणीचा तुकडा आणि तेल लावून पन्नासेक फेऱ्या मारा. गज तोंडाशी घासू देऊ नका. मग नळी धुवून पुन्हा चिंध्या तपासा. कित्येक नळ्या पहिल्या शंभर बारांत आपोआपच गुळगुळीत होतात, त्यामुळे इथे धीर धरण्यात नुकसान काही नाही.

चिंध्या शाबूत आहेत, तरी गोळ्या विखुरतात? नळीचा पीळ आणि गोळी यांचं जुळतंय का बघा. ४८ ते ६६ इंचांत एक फेरा असा मंद पीळ चिंधीतल्या गोल गोळीसाठी असतो. २८ इंचांत एक फेरा हा लांबट गोळीसाठी. जलद पिळाच्या नळीत गोल गोळी भरपूर दारूवर मारून नळीला नावं ठेवणं हा त्या नळीवर अन्याय आहे. दर वेळी निशाण वेगळीकडे सरकत असेल तर नळी कुंद्याला धरणारी पाचर बघा. बोटाने सरकत असेल तर ती सैल आहे. काढून किंचित बाक दिला की घट्ट बसते. आणि सगळ्या गोळ्या एकाच जागी पण खाली लागत असतील तर रायफल उत्तम आहे. पुढची माशी (नळीच्या तोंडाजवळचा नेमाचा दांडा) अनेकदा मुद्दाम उंच ठेवलेली असते, म्हणजे मालकाने आपल्या भाराप्रमाणे ती थोडी थोडी घासून निशाण वर आणावं. प्रत्येक घासणीनंतर तीन बार काढा, कारण घासलेलं परत येत नाही.

लाकडी गजाकडेही एकदा बघा. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर तो ठासताना तिरकाच तुटेल आणि त्याचं टोक तुमच्या तळहातात घुसेल. पितळी टोक नुसतं डिंकाने चिकटवलेलं असलं तर आरपार खिळा मारून घ्या. मी ते केलं नव्हतं, आणि जॅग बुडाशी अडकून टोक माझ्या हातात न येता नळीतच राहिलं.

इनलाइन रायफलीत पहिल्याच दिवशी ब्रीच प्लग (नळीचं बूड बंद करणारा आट्यांचा बूच) काढून आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण, लावा. सुरुवातीलाच जो प्लग हाताने फिरत नाही तो पन्नास बारांनंतर मुळीच फिरणार नाही.

जे घरी करायचं नाही

नळी आणि ब्रीच प्लग यांच्या जोडावर बारानंतर काळी रेघ उमटते, निपलच्या बैठकीभोवती काजळी फुटते, नळीत फडकं एका जागी अचानक सैल जातं आणि पुढे पुन्हा घट्ट होतं, आत खड्डे दिसतात, कुठे बारीकशी चीर दिसते. यातलं काहीही दिसलं तर बार बंद. साध्या रायफलीचा ब्रीच प्लग घरी सोडवायचा नाही, वेल्डिंग नाही, सील लावणं नाही. रायफल परत पाठवायची.

पाठवण्याआधी नळी रिकामी असल्याचं गजाने पुन्हा तपासा. सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, कोणती दारू किती वापरली, गोळी आणि चिंधीचं माप, एकूण किती बारांपैकी किती फसले, हे एका कागदावर साध्या शब्दांत लिहा. दोषाच्या जागेचे जवळून फोटो काढा. 'नीट चालत नाही' असं लिहिलेली रायफल तिथे एकदा चालवून बघतात आणि तशीच परत येते. माझ्या दुसऱ्या रायफलीच्या नळीने वीस बारांत चौदा चिंध्या कापल्या होत्या. घासूनही फरक पडला नाही, तेव्हा त्या चौदाही चिंध्या मी वाळवून, क्रमांक घालून पाकिटात भरल्या, आपण काय घासलं तेही कागदावर स्पष्ट लिहिलं आणि सगळं रायफलीसोबत पाठवलं. महिन्याभराने नवी नळी आली. ती खोक्यातून काढल्यावर मी आधी पाइप क्लीनर घेतला.